तोंड तीन बोटं

दिवाळीला लूम, म्हणजे यंत्रमाग, थांबले की सुरतेतल्या लिंबायतच्या गल्ल्यांमधून माणसांचे आवाज ऐकू येऊ लागतात. एरवी वर्षभर तिथे नुसता खडखडाट असतो आणि लोक एकमेकांशी ओठ आणि हात हलवून बोलतात. यंदा धनत्रयोदशीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्यात जाताना मला दुसऱ्या मजल्यावरच्या कुणाची तरी शिंक ऐकू आली आणि मी स्कूटरवरच म्हटलं, चला, सीझन सुरू झाला.

खाडीचं पाणी मागच्या आठवड्यात जांभळं होतं. कापड रंगवणाऱ्या डाइंग मिल बंद झाल्या की चार-सहा दिवसांत ते मूळच्या मातकट रंगावर येतं. तेवढेच दिवस पुलावरून जाताना नाक झाकावं लागत नाही. कारखाने लाभपंचमीनंतर एकेक करून उघडतात, गावाला गेलेले कारीगर सवडीने परततात, आणि तोवर जे इथेच उरतात त्यांतले बरेच जण आमच्या ट्रस्टच्या दवाखान्यात येतात. बारा-बारा तासांची पाळी करणाऱ्या माणसाला आजारी पडायला फुरसत नसते. म्हणून हर्निया, मूळव्याध, पित्ताशयातले खडे असं सगळं दिवाळीपर्यंत राखून ठेवलेलं असतं. घरी बसायचंच आहे तर ऑपरेशनही उरकून घेऊ, असा साधा विचार. त्यामुळे लोकांची सुट्टी तो आमचा हंगाम.

मी भूल देते. गुजराती पेशंट मला ‘शीशी सुंघाडवावाळां बेन’, म्हणजे क्लोरोफॉर्मची शीशी हुंगवणाऱ्या बाई, म्हणतात. शीशी जाऊन किती वर्षं झाली, पण नाव राहिलं. ऑपरेशन झाल्यावर लोक सर्जनच्या पाया पडतात, नर्सला पेढे देतात आणि माझ्याकडे बघून विचारात पडतात की ह्या बाई कोण. याचं मला वाईट वाटत नाही, म्हणजे पहिली दहा वर्षं वाटलं, मग सुटलं. मीही त्यांचे चेहरे लक्षात ठेवत नाही. मी तोंडं लक्षात ठेवते. कुणाचा दात पुढे आहे, कुणाची हनुवटी आत आहे, कुणाची मान मागे वळत नाही, हे मला वर्षानुवर्षं आठवतं. एकदा लग्नाच्या पंगतीत शेजारची बाई हसली आणि मी तिला विचारलं, तुमचं पित्ताशय काढलंय ना? यजमानांनी त्यानंतर मला कुठल्याही कार्याला बोलावलेलं नाही.

तोंड का, ते सांगते. भूल दिली की माणसाची जीभ मागे पडते, पुढच्या औषधाने त्याचा श्वासही थांबतो. मग तो श्वास मी घ्यायचा असतो, त्याच्या घशातून श्वासनळीत एक नळी सरकवून. तोंड नीट उघडलं तर हे मिनिटभराचं काम आहे. नाही उघडलं तर हातात फार थोडी मिनिटं असतात. म्हणून आधी तपासणीत आम्ही सांगतो, तुमचीच तीन बोटं उभी करून तोंडात घाला. तीन गेली तर ठीक. दोन गेली तर मी खुर्चीत सरसावून बसते. एकच गेलं तर त्या माणसाला नेहमीच्या पद्धतीने झोपवायचंच नाही.

आणि आमच्या सुरतेत एक बोटवाले पुष्कळ. कारण मावा. कातरलेली सुपारी, चिमूटभर तंबाखू, चुना, प्लॅस्टिकच्या तुकड्यात बांधून तळहातावर चोळलेला. लूम सोडून जाता येत नाही, पण गालात मावा ठेवून उभं राहता येतं. सुपारीने गालाच्या आतली कातडी पांढरट आणि टणक होत जाते, आत दोऱ्या ओढल्यासारख्या लागतात, आणि तोंड दरवर्षी थोडं थोडं मिटत जातं. हे इतकं सावकाश होतं की ज्याचं त्याला कळत नाही. तो आधी तिखट सोडतो, मग भाकरी दुधात कुसकरून खायला लागतो. घरच्यांना वाटतं, वय झालं, नखरे वाढले.

आता मी सांगते आहे ती दिवाळी चार वर्षांमागची. तपासणीची रांग माझ्या खोलीबाहेरच्या बोळात लागली होती. दिवाळीला आठवडा राहिलेला, बोळात माणूस माणसाला चिकटलेला, आणि मला प्रत्येकाला द्यायला तीन-चार मिनिटं. एक जण आत आला. अंगावर सुताचा भुगा, केसांत, भुवयांवर, सगळीकडे. फाइलवर नाव हिंमत, गाव अमळनेरकडचं, ऑपरेशन पित्ताशयाचं, दुर्बिणीने. म्हणजे पूर्ण भूल लागणार. वरच्या दातांतला एक कोपऱ्यात तुटलेला. मी भराभर विचारत गेले. साखर? नाही. दम? नाही. रात्री घोरता का?

“खूप,” तो लगेच म्हणाला. “पार शेजारचे उठतात.”

स्वतःच्या घोरण्याबद्दल इतक्या खात्रीने सांगणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहत होते, पण बोळात लोक खोकत होते. मावा? दिवसाला दहा. तोंड उघडा. त्याने तीन बोटं आरामात घातली, चौथंही घालू का अशा बेताने माझ्याकडे पाहिलं. मी लिहिलं, तोंड तीन बोटं. सही केली. पुढचा.

दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी हिंमतभाऊ टेबलावर आले. डोक्यावर हिरवी टोपी, अंग स्वच्छ धुतलेलं, घाबरलेले डोळे. मी फाइल उघडली, माझं अक्षर वाचलं आणि त्यांना तोंड उघडायला सांगितलं नाही. हे वाक्य मी गेली चार वर्षं मनात पुष्कळदा लिहून पाहिलं आहे. ते याहून बरं करून लिहिता येत नाही. दुसऱ्या कुणाचं अक्षर असतं तर मी शंका घेतली असती. स्वतःच्या अक्षरावर माझा फार विश्वास होता.

नाकावर मास्क धरला, शिरेतून झोपेचं औषध दिलं. ते झोपले. श्वास थांबवणाऱ्या औषधाची सिरिंज मी उजव्या हातात घेतली होती आणि सवयीने डाव्या हाताच्या अंगठ्याने हनुवटी खाली ओढली. ती खाली आली नाही. आणखी ओढली. दातांमध्ये जेमतेम बोटभर फट पडली. गालाच्या आत बोट घातलं तर तिथे ताणलेली कडक दोरी. मी सिरिंज ट्रेमध्ये ठेवली. माझ्या हातून त्या सकाळी झालेलं शहाणपणाचं काम म्हणाल तर एवढंच.

जीभ मागे पडली होती आणि मास्कमधून हवा आत जाईना. आमच्या यंत्राचा टिक् टिक् आवाज रक्तातला प्राणवायू कमी झाला की जाड होत जातो. तो पियानोच्या पट्ट्या उतराव्यात तसा उतरत गेला. पडद्यावरचा आकडा बघावा लागत नाही, कानाला कळतं. मी नाकातून मऊ नळी सरकवली, दोन्ही हातांनी मास्क दाबला, सिस्टरला म्हटलं जबडा पुढे ओढ, अजून ओढ, आणि एक जण फुगा दाबत राहिला. थोडी हवा गेली. मग आणखी थोडी. सर्जन हात धुऊन आले होते, किती वेळ लागेल म्हणून त्यांनी दारातूनच विचारलं, “बेन, केटली वार?” मी म्हटलं, आज नाही. चांगला सर्जन कधी गप्प बसायचं ते जाणतो. काही मिनिटांनी हिंमतभाऊंनी स्वतःहून एक खोल श्वास घेतला, मग दुसरा. टिक् टिक् पुन्हा बारीक झालं.

आमच्या विद्येत पहिला धडा नळी कशी घालायची हा असतो. माझ्या मते तो उलटा आहे. पहिला धडा परत कसं फिरायचं हा असायला हवा. माणूस झोपलेला, सर्जन तयार, यादी लांब, अशा वेळी ‘याला उठवू या’ म्हणणं फार जड जातं. आपण हरलो असं वाटतं. मी नव्या मुलामुलींना हेच सांगते आणि त्या वेळी माझ्या हाताला घाम आला होता हेही सांगते.

मी बाहेर आले. बाकावर हिंमतभाऊंच्या पत्नी सुमनबाई आणि शेजारी एक माणूस. मी त्यांना काही विचारणार तोच त्या माणसाने काळजीने तोंड उघडलं, आणि मला कोपऱ्यात तुटलेला दात दिसला.

“हे तोंड मी पाहिलंय,” मी म्हटलं.

त्याचं नाव भटू. हिंमतभाऊंच्या शेजारच्या लूमवर काम करणारा, त्यांच्याच गावचा, एके काळी एकाच खोलीत राहिलेला. तो उभा राहिला आणि चपलेकडे बघत म्हणाला, “म्याडम, हिंमतनी बीम बाकी व्हती. सेठ सोडे ना. तं मी बदलीमा उनू.”

सुट्टीआधी लूमवर चढवलेलं बीम, म्हणजे उभ्या सुताचा रूळ, विणून संपवावं लागतं. आणि पाळीला जाता आलं नाही तर बदली पाठवायची ही कारखान्यातली रीत. कुणी हरकत घेत नाही, सेठला लूम चालू दिसला की झालं. ह्या दोघांनी रेशनच्या रांगेत, गॅसच्या रांगेत, सगळीकडे एकमेकांच्या बदल्या केल्या होत्या. तपासणीला का नाही?

“पण तपासणी, भटूभाऊ?”

“तोंडच ते दखाडानं व्हतं ना,” तो म्हणाला. “बाकी बठ्ठं मी खरं सांगं.”

आणि ते खरंच होतं. साखर, दम, दिवसाचे दहा मावे, सगळं त्याने हिंमतभाऊंचंच सांगितलं होतं. घोरण्याबद्दल तर स्वतःच्या कानांची साक्ष होती. तोंड तेवढं त्याला स्वतःचं उघडावं लागलं. मला त्याच्यावर ओरडायचं होतं, चांगलं जोरात, पण ओरडायला लागले असते तर आधी मलाच ओरडावं लागलं असतं. मी बाकावर बसले आणि दोघांना सगळं सांगितलं. काय झालं, किती वेळ हवा गेली नाही, टेबलावर मी तोंड पाहायला हवं होतं आणि पाहिलं नाही.

“तुम्ही नही सांगतात ते आमले काय समजतं?” सुमनबाई म्हणाल्या. त्यात राग होता की आणखी काही, ते मला अजून नक्की सांगता येत नाही.

हल्ली आमच्या बोळात पाटी आहे, गुजराती, हिंदी आणि मराठीत : ज्याचं ऑपरेशन त्यानेच तपासणीला यावं. नवे लोक ती वाचून हसतात, हे काय सांगायला हवं का म्हणतात. परवाच एकाने विचारलं, बदलीने ऑपरेशन करून घेता येईल का, तेवढं बघा. मी म्हटलं, त्याची सोय झाली की पहिला नंबर माझा. पण पाटी असो वा नसो, टेबलावर मी पुन्हा तोंड उघडायला लावते. फाइल बघत नाही. बघते, पण नंतर.

त्या दिवाळीत मात्र खरी अडचण पुढे होती. हिंमतभाऊ झोपेनासे झाले. त्यांना सगळं सांगितल्यावर त्यांच्या डोक्यात एकच बसलं, झोप लागली की श्वास बंद होतो. डोळा लागायला आला की ते दचकून उठून बसत. सुमनबाई खाटेशेजारी जमिनीवर बसून राहत, तेही बसून राहत. तिसऱ्या दिवशी पोटात पुन्हा कळ आली, ताप चढला. सर्जन म्हणाले, फार थांबता येणार नाही. हिंमतभाऊ म्हणाले, मला गावाला जाऊ द्या, खडे राहू दे आत. हे बोलताना त्यांचे ओठ फारसे हलत नव्हते. आता कळल्यावर मला ते लगेच दिसत होतं.

मी दुपारी त्यांच्या खाटेवर जाऊन बसले. माझी आई अमळनेरची. घरात ती अहिराणीच बोलायची, मी मात्र शाळेत गुजराती शिकले, मैत्रिणींसमोर तिला मराठी बोलायला लावायची. मला अहिराणी येते हे दवाखान्यात कुणाला माहीत नव्हतं. त्या दिवशी मी त्यांच्याशी अहिराणीत बोलले. सुरुवातीला जीभ अडखळली, मग आईची वाक्यं आपोआप येऊ लागली. भटू दारात उभा होता, तो चकित होऊन आत आला.

“झोपमा मन्हा दम कोन लेस?” हिंमतभाऊंनी विचारलं.

“मी लेस.”

“आनि तुमले जमनं नही ते?”

इतका नेमका प्रश्न मला परीक्षेतही कुणी विचारला नव्हता. मी सांगितलं, म्हणून या वेळी दम तुमच्याकडेच ठेवायचा. तुम्हाला झोपवायचं नाही. नाक बधिर करून, तुम्ही जागे असताना, नाकातून एक बारीक वळणारी दुर्बीण आत न्यायची, तिच्यावरून नळी सरकवायची. वाट पक्की झाली की मगच झोप. तोवर दम तुमचा तुम्हीच घ्यायचा.

त्यांनी विचार केला. “म्हनजे लूम चालू ठेईसन तार जोडानी,” ते म्हणाले.

“जमते का तशी?” मी विचारलं.

“जमस,” भटू मागून म्हणाला. “हात हालाले नको बस.”

दुसऱ्या दिवशी सकाळी दुर्बीण दुसऱ्या दवाखान्यातून मागवून आणली. हिंमतभाऊंना टेबलावर टेकून बसवलं. नाकात बधिर करणारी जेली घातली, घशात औषधाचा फवारा मारला. ते कडू लागतं, त्यांनी तोंड वाकडं केलं, म्हणजे जेवढं करता आलं तेवढं. बाहेर कुठेतरी उरलेसुरले फटाके वाजत होते. मी बोलत राहिले. दम ल्या, हिंमतभाऊ. मोठा दम ल्या. पडद्यावर गुलाबी वाट दिसत होती, मग ती वळली, आणि समोर दोन पांढऱ्या पट्ट्या उघडत-मिटत होत्या, स्वरयंत्राच्या. मी त्या हजारोंच्या पाहिल्या असतील, पण झोपलेल्यांच्या. त्या निपचित असतात. ह्या प्रत्येक श्वासाला बाजूला होऊन वाट देत होत्या. ते खोकले, माझं मनगट घट्ट धरलं, पण मान हलवली नाही. नळी आत गेली. त्यांनी काहीतरी बोलायला ओठ हलवले आणि आवाज आला नाही. आवाज गेला म्हणजे नळी बरोबर जागी बसली, याहून चांगला पुरावा नाही. मी त्यांच्या कानाशी म्हटलं, झायं, आते झोपा, आणि औषध दिलं.

ऑपरेशन पाऊण तासात आटपलं. नळी काढायची मात्र मी घाई केली नाही. डोळे उघडू दिले, हात दाबायला लावला, मान उचलायला लावली, आणखी पाच मिनिटं थांबले. सर्जन दुसऱ्या खोलीत दुसरी केस सुरू करून बसले तरी मी थांबलेच होते.

मग मी त्यांच्यासाठी एक चिठ्ठी लिहिली, आमच्यात तशी पद्धत आहे. ह्या माणसाचं तोंड एक बोट उघडतं, जागेपणी नाकातून नळी घालावी. ही कायम खिशात ठेवायची आणि स्वतःच दाखवायची, ‘स्वतः’खाली मी दोन रेघा मारल्या. सुमनबाईंना नीट समजावं म्हणून माझी तीन बोटं उभी करून दाखवली. ज्याची एवढी जातात तो ठीक, नाही गेली तर मावा लगेच सोडायचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी राउंडला आले तर वॉर्डाबाहेर लूमवरचे सहा-सात जण भिंतीला पाठ लावून रांगेत उभे, प्रत्येकाच्या तोंडात स्वतःची तीन बोटं. हिंमतभाऊंना भेटायला आले होते, सुमनबाईंनी धरले. एका हातात चहाचा थर्मास, दुसऱ्या हाताने खूण करत त्या रांगेवरून जात होत्या. “उघाड. आजून उघाड. बोटं उभी धर, आडवी नही.” भटूची तीन गेली, त्याने विजयी मुद्रेने माझ्याकडे पाहिलं. एकाची अडीचवर अडकली, तो म्हणाला सकाळी थंडी आहे म्हणून. त्याच्या खिशातला मावा सुमनबाईंनी तिथल्या तिथे काढून कचऱ्याच्या डब्यात टाकला. मी हसत होते. इतकी वर्षं पाट्या लावून, भाषणं देऊन आम्हाला जे जमलं नव्हतं ते ह्या बाईने एका सकाळीत केलं होतं.

रांग पांगली. मी गमतीने म्हटलं, सुमनबाई, तपासनीसाची तपासणी राहिली.

त्या हसल्या, थर्मास बाकावर ठेवला आणि बोटं तोंडाशी नेली. दोन गेली. तिसरं गेलं नाही. त्यांनी हात काढला, पदराला पुसला आणि पुन्हा घातला, जसं काही बोटंच चुकली होती. पुन्हा दोनच.

“मी तमाकू खात नही,” त्या म्हणाल्या. “नुस्ती सुपारी. घरी साड्यासले टिकल्या चिटकाडस, झोप यावाले नको म्हनीसन.”

मी म्हटलं, तंबाखू नसली तरी हे सुपारीच करते. त्यांना बाकावर बसवून मी गालात बोट फिरवलं. दोन्ही बाजूंना दोऱ्या होत्या, बारीक, नव्या.

“हाई परत उघडस का?”

“जेवढं मिटलंय तेवढं बहुतेक नाही. सुपारी सोडली तर इथं थांबेल.”

मग कमरेच्या पिशवीतली पुडी काढून त्यांनी माझ्या हातावर ठेवली आणि वॉर्डाच्या दाराकडे पाहिलं. आत हिंमतभाऊ भिंतीकडे तोंड करून पडले होते आणि चांगले मोठ्याने घोरत होते.

“त्यासले आज सांगू नका,” सुमनबाई म्हणाल्या. “आज त्यासले झोप लागेल शे.”